दिवसा जांभळी, रात्री निळी

गोव्यात कवळ्याच्या आमच्या घरात एक फुलदाणी होती. ती दिवसा जांभळी असायची आणि रात्री निळी. मी लहानपणापासून हे बघत आलो, त्यामुळे मला त्यात कधी नवल वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरच्या फुलदाण्या असं करत असतील, अशी माझी समजूत. आजीला मात्र ते पटत नव्हतं. तिचं म्हणणं, फुलदाणी आधी अशी नव्हती, रात्रीसुद्धा जांभळीच असायची. मी तिसरीत असताना बैठकीच्या खोलीत पहिली ट्यूबलाइट लागली आणि त्याच संध्याकाळी फुलदाणीने रंग बदलला. आजीने मीठ-मिरच्या ओवाळून तिची दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी राजांगणात, म्हणजे घराच्या आतल्या चौकात, आणून बघितली तर पुन्हा जांभळी. आजी खूश. रात्री पुन्हा निळी. दोन-तीन दिवस हा खेळ चालला, मग आजीने नाद सोडला.

पन्नासएक वर्षांनी घराची वाटणी निघाली तेव्हा ही फुलदाणी एकदम महत्त्वाची झाली. गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे जमले होते. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून पुण्याच्या चुलतभावाने मोबाइल काढला आणि जाहीर केलं, "ही मुरानो आहे. व्हेनिसची. दोन-तीन लाखांच्या खाली नाही." त्याच्या मोबाइलमधल्या चित्रात खरोखरच तशीच जड, जांभळी काच होती. घरातली दंतकथा वेगळी होती. पणजोबा 1906 साली जमिनीच्या खटल्यासाठी लिस्बनला गेले होते, येताना त्यांनी ती आणली. म्हणजे पोर्तुगीज. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. आत्या शहाऐंशीची, कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसून सगळ्यांच्या म्हणण्याला मान डोलवत होती. शेवटी वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "भावजी, तुम्ही आयुष्यभर बँकेत खोट्या नोटा ओळखल्यात. तुम्हीच सांगा."

मी फोंड्याच्या एका बँकेत चौतीस वर्षं कॅशियर होतो. काचेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण नोटांनी एक गोष्ट शिकवली होती. नोट खरी म्हणायला दहा खुणा जुळाव्या लागतात, खोटी म्हणायला एक न जुळली तरी पुरते. तेव्हा ही कुठली आहे हे शोधण्यापेक्षा कुठली नाही हे आधी बघावं, असं ठरवून मी फुलदाणी टॉवेलात गुंडाळून घरी आणली. बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं, "फुटली तर वाटणीतला आपला हिस्सा गेला म्हणून समजा."

पहिलं काम म्हणजे ती उलटी करणं. माणसं काच खिडकीसमोर धरून रंग बघतात, पण सगळी गंमत बुडाला असते. फुंकून केलेल्या भांड्याचं तोंड घडवताना ते बुडाकडून एका लोखंडी सळईला चिकटवतात आणि काम झालं की तोडून काढतात. तिथे खडबडीत व्रण राहतो. साध्या कामात तो तसाच ठेवतात, चांगल्या कामात घासून गुळगुळीत करतात. आमच्या फुलदाणीच्या बुडाला व्रण नव्हता. अख्खं बूड सपाट घासून आरशासारखं चमकवलेलं होतं. सही नाही, नंबर नाही, शिक्का नाही. भावाचा सराफ मित्र आहे, त्याच्याकडून दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं आणि खिडकीत बसून बुडाच्या कडेचा वाटाणा-वाटाणाभर भाग तपासला. बारीक ओरखडे होते, पण सगळे वेगवेगळ्या दिशांना. कुणी सँडपेपरने मुद्दाम जुनेपण आणलं असतं तर ते एका वळणाचे, समांतर दिसले असते. हे वर्षानुवर्षं कपाटात सरकवल्याचे, धूळ पुसल्याचे ओरखडे होते. फिरोजाबादहून आलेला किनाऱ्यावरच्या दुकानांतला माल नव्हे, एवढं मनाशी नक्की झालं. तसंही ती 1974 सालीसुद्धा घरात होती हे मीच डोळ्यांनी बघितलं होतं.

बुडाच्या जरा वर, एका पैलूवर, भिंगातून एक पिवळसर लंबगोल दिसला. सुपारीएवढा. वाळलेल्या गोंदाचा डाग. म्हणजे कधीतरी तिथे कागदाची चिठ्ठी होती. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "काहीतरी चिकटलेलं होतं खरं. मोलकरणीने चिंच आणि नारळाचं सोडण घेऊन घासून काढलं. मीच सांगितलं होतं." एवढ्या सहज की मला रागही धड आला नाही.

सही का नसते, हे मला नंतर समजलं. अमेरिकेने 1890 साली आयात मालावर कोणत्या देशात बनला ते लिहायची सक्ती केली, मॅकिन्ली टॅरिफ म्हणतात तो कायदा. त्यामुळे बोहेमियातल्या, म्हणजे आताच्या चेक देशातल्या, लोट्झसारख्या नामांकित कारखान्यांचा जो माल अमेरिकेला जायचा त्यावर नाव कोरलेलं सापडतं, आणि तोच माल युरोपात विकला गेला की पुष्कळदा कोरा. पुढे तर कागदाची किंवा सोनेरी कागदाची चिठ्ठीच चालू झाली. मुरानोच्या बेटावरही तीच गत, बरेचसे कारखाने चिठ्ठीच लावायचे. चिठ्ठी गेली की नाव गेलं. आमच्याच माळ्यावर ओगलेवाडीचा एक गंजका प्रभाकर कंदील लटकतोय, त्याचं नाव अजून वाचता येतं. चार आण्यांच्या वातीच्या कंदिलाला नाव आहे आणि लाखांच्या गोष्टी चाललेल्या फुलदाणीला नाही.

आता पैलूंकडे आलो. बाहेरून दहा उभे पैलू, तोंडाकडे रुंद, खाली अरुंद. पैलूंच्या कडा नखाला लागत होत्या. साच्यात दाबून काढलेल्या काचेच्या कडा किंचित गोलसर, वितळल्यासारख्या असतात आणि साच्याचे भाग जुळतात तिथे एक बारीक रेघ राहते. इथे रेघ नव्हती. आणि आत बोट फिरवलं तर आतून ती चक्क गोल. बाहेर दहा कोन, आत एकही नाही. म्हणजे जाड भिंतीची गोल फुलदाणी फुंकून, थंड झाल्यावर बाहेरून चाकावर पैलू पाडलेत. हे समजलं त्या दिवशी मी सकाळचा चहा प्यायचा विसरलो.

याचं महत्त्व एवढ्यासाठी की काच कापायची परंपरा आणि काच तापवून वळवायची परंपरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हेनिसच्या सरकारने आगीच्या भीतीने 1291 साली भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. तिथली काच सोड्याची, बराच वेळ मऊ राहणारी. कारागीर ती गरम असतानाच ओढतो, पिळतो, एका रंगावर दुसऱ्या रंगाचा थर चढवतो. पुण्याच्या भावाच्या मोबाइलमध्ये होती ती तसलीच, आत जांभळा गाभा आणि भोवती पारदर्शक काचेचं जाड कवच, सोमेर्सो म्हणतात ती. बोहेमियात जंगलातल्या लाकडाच्या राखेतून पोटॅश काढून काच करत आले. ती कडक, लवकर थंड होणारी, पण चाकावर घासायला आणि कोरायला उत्तम. म्हणून पैलू, कोरीव काम ही त्यांची ओळख. मुरानोवाले पैलू पाडतच नाहीत असं नाही, पाडतात. पण आमच्या फुलदाणीत थर नव्हते. कडेकडून बघितली तरी रंग काठापासून बुडापर्यंत एकसारखा, फक्त बूड जाड म्हणून तिथे गडद.

भावाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "तू दोन दिवसांत काचेचा डॉक्टर झालास का?" मी म्हटलं, "नाही रे, कंपाउंडर."

राहता राहिलं पोर्तुगाल. तिथे मारिन्या ग्रांदे गावात लैरियाच्या पाइनच्या जंगलाला लागून मोठा काचउद्योग आहे. 1769 साली मार्केश द पोंबालच्या पाठिंब्याने विल्यम स्टीफन्स नावाच्या इंग्रजाने तिथला राजाश्रयाचा कारखाना उभा केला. सरपणाला जंगल, वाळू जवळच. फुलदाणी पोर्तुगीज असेल तर ती जड शिश्याच्या क्रिस्टलची असणार, असं मला आमच्या शाळेच्या एका जुन्या फिजिक्सच्या सरांनी सुचवलं. आणि शिसं आहे की नाही ते घरी कळतं, असंही म्हणाले.

ते कळायची रीत आर्किमिडीजची. साध्या काचेची घनता पाण्याच्या अडीचपट असते. शिसं घातलं की ती वाढते. युरोपात 1969 पासून नियमच आहे की 24 टक्के शिश्याचं ऑक्साइड असलेल्या काचेची घनता 2.90 च्या वर हवी आणि 30 टक्केवालीची 3.00 च्या वर. मी फुलदाणी, प्लास्टिकची बादली आणि सुतळी घेऊन आमच्या वाड्यावरच्या किराणा दुकानात गेलो. दुपारी दोनची वेळ, गिऱ्हाईक नाही. दुकानदाराने चष्मा वर केला. "कितें बाब, फुलदाणी किलोन विकतात?"

आधी कोरडी फुलदाणी काट्यावर ठेवली. 2 किलो 185 ग्रॅम. मग बादलीत पाणी भरून ती काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि सुतळीने फुलदाणी पाण्यात सोडली, बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी. काट्यावर जे वजन वाढतं ते फुलदाणीने बाजूला सारलेल्या पाण्याचं. पहिल्यांदा आकडा चुकला, कारण आत हवेचा बुडबुडा अडकला होता. ती तिरकी करून हवा काढली, पुन्हा सोडली. 855 ग्रॅम. दुकानदार आता काउंटरच्या अलीकडे येऊन माझ्या सुतळीला हात लावून उभा. भागाकार त्यानेच मोबाइलवर केला. 2.56. काटा पाच-पाच ग्रॅमने सरकणारा, तेव्हा थोडी चूकभूल धरली तरी 2.90 च्या आसपाससुद्धा नाही. शिसं बाद. लिस्बनहून आणलेलं उंची क्रिस्टल ही आमच्या घरची समजूत त्या बादलीत बुडाली. दुकानदाराने विचारलं, "मग किती रुपयांची?" मी म्हटलं, वजन कळलं, किंमत नाही. त्याला हे फारसं पटलं नाही.

पण सगळ्यात मोठा साक्षीदार मी अजून विचारलाच नव्हता. रंग. जांभळी काच मँगनीजनेही होते, ती मात्र ट्यूबलाइटखाली निळी होत नाही. दिवसा आणि साध्या पिवळ्या बल्बमध्ये जांभळी आणि ट्यूबखाली निळी असं करणारं एक मूलद्रव्य आहे, नीओडिमियम. ते प्रकाशातला पिवळा पट्टा जवळजवळ पूर्ण गिळतं. सूर्यप्रकाशात निळा आणि तांबडा दोन्ही भरपूर उरतात, त्यांचं मिळून जांभळं दिसतं. जुन्या ट्यूबच्या प्रकाशात तांबडा मुळातच थोडा. पिवळा काचेने खाल्ला की हाताशी उरतो तो निळसरच. आजीचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. कंदिलात आणि बल्बमध्ये ती जांभळीच होती, ट्यूब आली तेव्हाच निळी झाली. दृष्ट लागली नव्हती, दिवा बदलला होता.

सरांनी खात्री करून घ्यायची एक युक्ती सांगितली. गॅस बारीक पेटवायचा आणि त्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं. ज्योत भगभगीत पिवळी होते, ती मिठातल्या सोडियमची. सोडियमचा पिवळा नेमका तोच, जो नीओडिमियम गिळतं. काचकाम करणारे म्हणूनच असल्या काचेचे चष्मे घालतात, त्यांना भट्टीतली पिवळी झळाळी दिसत नाही, आतली काच दिसते. रात्री स्वयंपाकघरातले दिवे घालवले. बायकोने चमच्याने मीठपाणी मारलं, मी फुलदाणी डोळ्यांसमोर धरून ज्योतीकडे बघितलं. पिवळी ज्योत विझल्यासारखी झाली. फुलदाणी बाजूला केली की झगझगीत पिवळी, समोर धरली की मागे नुसती फिकी सावली. आम्ही आळीपाळीने दहा वेळा तरी बघितलं. मग बायको म्हणाली, "सासूबाईंनीसुद्धा मीठच वापरलं होतं." गॅसची शेगडी मात्र दुसऱ्या दिवशी मलाच घासावी लागली.

नीओडिमियम सापडलं म्हणजे फक्त रंग कळला असं नाही, वय कळलं. हे मूलद्रव्य 1885 साली कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने वेगळं केलं. हाच माणूस गॅसबत्तीच्या मँटलचा जनक, जत्रेत दशावताराच्या मांडवात फुसफुसणाऱ्या पेट्रोमॅक्समध्ये जी जाळी पांढरी जळायची ती त्याची. पण नीओडिमियम घालून शोभेची काच बाजारात आली ती 1920 च्या दशकाच्या शेवटी. बोहेमियातल्या कार्लोव्ही वारी इथल्या मोझर कारखान्याने, जो 1857 पासूनचा, तिला 'अलेक्झांड्रिट' हे नाव दिलं, रंग बदलणाऱ्या रत्नावरून. आमचे पणजोबा 1921 साली वारले. त्यांचा फोटो वसरीत आहे, खाली तारीख लिहिलेली. जी काच त्यांच्या हयातीत बाजारातच नव्हती ती त्यांनी 1906 साली बोटीतून कशी आणली असेल? मी वही मिटली. इतक्या वर्षांत एकाही नोटेच्या बाबतीत मला एवढी खात्री वाटली नव्हती.

तरी अजून मोझर म्हणता येत नव्हतं. मोझर शिसं वापरत नाही हे जुळत होतं, पैलू जुळत होते. पण अलेक्झांड्रिटवर मोझर बहुधा बुडाला नाव कोरायचा, आणि रंग इतका गाजला की बोहेमियातल्या दुसऱ्या कारखान्यांनीही तो उचलला. मुरानोनेसुद्धा. अमेरिकेत हायझी आणि फॉस्टोरिया यांनी जांभळ्या नीओडिमियमची भांडी काढली, पण त्यांचा बराचसा माल साच्यातला. खुणा एकीकडे झुकत होत्या, बोट मात्र कोणा एकावर ठेवता येत नव्हतं. एका परदेशी लिलाव कंपनीला फोटो आणि वजनाचे आकडे पाठवले. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर: बोहेमियन, बहुधा 1930 च्या आसपास, सहीशिवाय कारखान्याचं नाव देणार नाही. माझ्या अंदाजाला दुजोरा मिळाला म्हणून मला जितका आनंद झाला, तितकाच पुण्याच्या भावाला वैताग.

त्यानेच मग बार्देशातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा पत्ता दिला. दुकान मोठं, शिंपल्यांच्या खिडक्यांच्या चौकटी, पलंगांचे खांब, चर्चमधल्या मेणबत्तीदाण्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. त्याने फुलदाणी हातात घेतली, उलटीही केली नाही आणि म्हणाला, "मुरानो." मी नीओडिमियमचं सांगितलं. मान हलवून म्हणाला, "मग मोझर." मी म्हटलं, सही नाही. त्याने चहा मागवला. जरा वेळाने आवाज खाली आणून म्हणाला, "सही होऊन जाईल. आपला एक मुलगा आहे, दाताच्या डॉक्टरकडचं मशीन वापरतो. बाराशे रुपये. नंतर जरा धूळ चोळायची. आता जी किंमत येईल त्याच्या तिप्पट येते."

मी चहा संपवला. खरं सांगायचं तर क्षणभर आकडेमोड मनात झाली. फुलदाणी बहुतेक मोझरच आहे, मग नाव टाकलं तर खोटं काय, असाही विचार येऊन गेला. पण चौतीस वर्षं मी ज्या नोटा बाजूला काढल्या त्या बनवणाराही असंच म्हणत असणार, कागद चांगला आहे, शाई चांगली आहे, फक्त सहीच आपली आहे. फुलदाणी टॉवेलात गुंडाळली आणि निघालो. कोरलेल्या सह्यांबद्दल नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, हा धंदा जगभर चालतो. भिंगाखाली बघितलं तर जुनी सही बुडावरच्या ओरखड्यांच्या खाली असते, नवी त्यांच्या वरून जाते.

त्याच आठवड्यात एक उपकथा झाली. बँकेतून निवृत्त होताना मी नोटा तपासायचा जुना जांभळ्या उजेडाचा दिवा घरी आणला होता, नवीन मशीन आल्यावर तो कुणालाच नको होता. फुलदाणीवर मारून बघितला, ती मख्ख. सहज आत्याकडून आणलेल्या बाकीच्या काचसामानावर फिरवला आणि एक पिवळट हिरवी बशी काजव्यासारखी पेटली. युरेनियमची काच. बोहेमियात 1830 च्या दशकापासून ती होते, पुढे सगळ्या युरोपात. आत्या घाबरली. "पुता, त्यात आम्ही लिंबाचं लोणचं ठेवायचो!" युरेनियम अगदी थोडं असतं, काचेत बंदिस्त असतं, असं मी समजावलं. तरी लोणचं ठेवू नकोस म्हणालो. त्या बशीवर कुणी हक्क सांगितला नाही. ती आता माझ्या टेबलावर क्लिपा ठेवायला आहे.

फुलदाणीचा शेवटचा धागा मिळाला तो कागदातून, आणि तोही वाटणीचे दस्तऐवज शोधताना. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या पत्र्याच्या पेटीत होत्या. बऱ्याच वाळवीने खाल्लेल्या. एका पानावर, शके 1883 च्या कार्तिकातली नोंद: "पणजीस पाकल्याचे घरचे सामान विकले तेथून, खुर्च्या 2, काचेचा फुलदान 1, एस्कुदो 130." पाकलो म्हणजे गोरा पोर्तुगीज. पण कॅशियरला आधी चलन दिसतं. गोव्यात आधी रुपिया चालायचा, एस्कुदो आला 1958-59 च्या सुमारास, एका रुपियाला सहा या दराने. शके 1883 चा कार्तिक म्हणजे नोव्हेंबर 1961. पुढच्या महिन्यात, 19 डिसेंबरला, पोर्तुगीज गेले. कुणी गोरा अधिकारी जायच्या घाईत घरचं सामान विकत होता आणि आजोबा कवळ्याहून पणजीला जाऊन दोन खुर्च्या आणि एक फुलदाणी घेऊन आले.

ती नोंद याच फुलदाणीची कशावरून? घरात दुसरी काचेची फुलदाणी कधी नव्हती. तरी मी वही घेऊन आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावला, नोंद वाचली आणि म्हणाली, "हो, मग. मी होते ना बाबांबरोबर. बाईंना खुर्च्या विकायच्या होत्या, फुलदाणी त्यांनी फुकट दिल्यासारखीच दिली. बोटीत फुटेल म्हणाल्या. त्यांच्या आईची होती."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "आत्या, मग पणजोबांनी लिस्बनहून आणली असं आम्ही चाळीस वर्षं म्हणतोय..."

"तुम्ही म्हणता. मला कुणी विचारलं?"

मी कपाळावर हात मारला. बादली, सुतळी, मीठ, व्यापाऱ्याचा चहा, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण नंतर रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, आत्याला जे माहीत होतं ते फक्त फुलदाणी आमच्याकडे कुणाकडून आली हे. त्या बाईंच्या आईकडे ती कुठून आली हे त्या बाईंनाही कदाचित ठाऊक नसेल. ते काचेनेच सांगितलं होतं. शिवाय "त्यांच्या आईची" हे कारखान्याच्या काळाशी व्यवस्थित बसत होतं, 1930 च्या आसपास घेतलेली वस्तू 1961 मध्ये लेकीच्या घरातून बाहेर पडली. आणि ती लिस्बनवरूनच आली असणार. म्हणजे घरातली दंतकथा बोटीपर्यंत बरोबर होती, माणूस चुकला होता.

वाटणीच्या यादीत मी लिहिलं: "फुलदाणी, बोहेमियन, निनावी, साधारण 1930." वकिलाने निनावी या शब्दाला हरकत घेतली, मी बदलला नाही. भावाने रकमेचा रकाना कोरा ठेवायला लावला. आत्याने तो तिढा सोडवला. तिने फुलदाणी उचलली आणि पुण्याच्या भावाच्या मुलीच्या हातात दिली, कारण चवथीच्या त्या भांडणात ती एकटीच फुलदाणी कितीची यापेक्षा तिचा रंग का बदलतो हे विचारत होती.

परवा रात्री पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये फुलदाणी पुस्तकांच्या फळीवर ठेवली होती. "काका, काहीतरी बिघडलंय. इथे ती धड जांभळी नाही, धड निळी नाही. करडीच दिसतेय."

मी विचारलं, खोलीत दिवा कसला आहे.

"एलईडी. सगळीकडे एलईडीच आहेत."

कवळ्याच्या घरातली ती जुनी ट्यूब मी काढून ठेवली आहे, पट्टी आणि स्टार्टरसकट. पेपरात गुंडाळून माळ्यावर, प्रभाकर कंदिलाच्या शेजारी. चवथीला येशील तेव्हा गाडीत जागा ठेव म्हणालो.